पहिला मँटिस गेल्यानंतर दुसरा निवडताना: सांभाळायला सोप्या मँटिसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रार्थनाकीटक, खंडोबाचा किडा, मँटिस: नावं वेगवेगळी, प्राणी तोच. पाळणारे बहुतेक जण मँटिसच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवला आहे. महिनोन्‌महिने रोज ज्याच्याकडे पाहिलं, तो एका सकाळी तळाशी पडलेला दिसला की वाईट वाटतंच. त्या दुःखात घाईने दुसरा आणला आणि तोही महिन्याभरात गेला, असं फार होतं. ते टळावं म्हणून ही उत्तरं.

माझा मँटिस खरंच मेलाय, की त्याने कात टाकली आहे?

आधी हे बघा, कारण कात पाहून मँटिस मेला असं समजणारे पुष्कळ असतात. कात पोकळ, कागदासारखी हलकी आणि अर्धपारदर्शक असते आणि मानेमागे पाठीवर उभी चिरलेली असते. ती सापडली तर मँटिस आसपासच फिका, मऊ होऊन उलटा लटकलेला असतो. त्याला हात लावू नका आणि निदान २४ तास खायला देऊ नका. मेलेल्या शरीराला वजन असतं आणि पाय आत आखडलेले असतात.

कात टाकण्याआधी दोन ते चार दिवस, मोठं पिल्लू असेल तर आठवडाभरही, मँटिस खात नाही आणि छताला उलटा लटकून स्तब्ध राहतो. लटकलेला आहे तोवर तो जिवंत आहे असं धरून चाला.

तो कशाने गेला हे कसं ओळखायचं?

नवा आणण्याआधी याचं उत्तर शोधाच. कारण घरातच असेल तर नव्यालाही तेच भोवेल.

पंख फुटून मादीला पाच-सहा महिने किंवा नराला दोन-तीन महिने झाले असतील, तर ते म्हातारपण. शेवटच्या आठवड्यांत पायांची टोकं गळतात, पकड सुटते, रंग काळपट होतो, भक्ष्यावरचा नेम चुकतो. यात तुमचं काही चुकलेलं नाही. मोठ्या जातीची मादी अंड्यातून बाहेर आल्यापासून साधारण वर्षभर जगते, नर त्याहून कमी.

पाय वाकडे, कात अर्धी अंगावर अडकलेली, पंख चुरगळलेले असतील तर तो कात टाकताना गेला. पाळलेल्या मँटिसांचं हेच सगळ्यांत नेहमीचं मरण आहे. कारणं तीन: छताला पकड नव्हती, खाली लटकायला उंची नव्हती किंवा हवा फार कोरडी होती. चौथं कारण लोकांच्या लक्षात येत नाही. डब्यात सोडलेला रातकिडा तसाच राहिला, तर तो कात टाकणाऱ्या मँटिसचं मऊ अंग कुरतडतो.

तोंडातून काळपट द्रव, ढिलं पडलेलं पोट आणि घाण वास दिसला तर संशय खाण्यावर घ्या. कोंदट, घाणेरड्या डब्यातले रातकिडे खाल्ल्यावर हे बऱ्याचदा दिसतं. पोट चपटं, सुरकुतलेलं असेल तर उपासमार किंवा पाण्याची कमतरता. पंख फुटलेल्या मादीचं पोट टम्म फुगलेलं आणि तिने अंडी घातलीच नाहीत, तर अंडी अडकली असावीत.

आणि शेवटचं, शहरातल्या घरांसाठी महत्त्वाचं: पाय थरथरत होते, अंग झटके देत होतं, पकड अचानक सुटली आणि काही तासांत तो गेला, तर कीटकनाशक. त्यावर खाली वेगळं उत्तर आहे.

जुना डबा परत वापरू का?

म्हातारपणाने किंवा कात अडकून गेला असेल तर हो. काळी उलटी, बुरशी किंवा विषबाधा असेल तर टिश्यू, कोकोपीट, काड्या सगळं फेका. डबा गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुवा, साबणाचा वास जाईपर्यंत खळबळा आणि दोन दिवस कडक उन्हात ठेवा. जाळीचं कापड बदला. ते स्वस्त असतं आणि रसायन धरून ठेवतं.

दुसरा आणायला किती दिवस थांबावं?

कीटकाच्या दृष्टीने थांबायची गरज नाही. मनाच्या दृष्टीने तुमचं तुम्ही ठरवा. मात्र खाद्य आधी, मँटिस नंतर. चिलटांची बाटली तयार व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढा वेळ आपसूक मिळतो.

‘सांभाळायला सोपा’ म्हणजे नेमकं काय?

दिसायला साधा तो सोपा, असं नसतं. जो तुमच्या घराच्या हवेत हीटरशिवाय जगतो, तुम्हाला सहज मिळणारं खाद्य खातो आणि एखाद्या दिवसाची चूक सहन करतो, तो सोपा. म्हणून जात ठरवण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहा: घरातलं दिवसाचं आणि रात्रीचं तापमान, आणि वर्षभर खात्रीने मिळेल असं खाद्य. यादीतला सगळ्यांत देखणा मँटिस या दोन ओळींत बसत नसेल तर तो तुमच्यासाठी नाही.

मग कोणती जात घ्यावी?

भारतात राहत असाल तर हायरोड्यूला. दुसरं नाव घेण्याआधी आम्ही हेच घेऊ. आपल्याकडे जास्वंद, पेरू, कढीपत्त्यावर दिसणारा रुंद पोटाचा, हिरवा, कधी तपकिरी मोठा मँटिस बऱ्याचदा याच गटातला असतो. मोठेपणी दुमडलेल्या पुढच्या पंखांवर दोन्ही कडांना एकेक पांढरट ठिपका दिसतो. लांबी ७ ते ९ सेंटिमीटर. २२ ते ३० अंशांत तो मजेत राहतो, म्हणजे पुणे, नाशिक, कोल्हापूरकडच्या घरात वर्षाचा बराच काळ काहीच करावं लागत नाही. खाण्यात चोखंदळ नाही. उडणारं, चालणारं, चिमट्याने समोर धरलेलं, सगळं पकडतो. पोट भरलेलं असेल तर आठवडाभर उपाशी राहिला तरी मोठा हायरोड्यूला तग धरतो. त्याची एकच अडचण म्हणजे भूक. मोठी मादी बरंच खाते.

घोस्ट मँटिसही सोपा म्हणतात, तो?

तो खरोखर सोपा आहे. आफ्रिकेतला, वाळक्या पानासारखा दिसणारा, जेमतेम ५ सेंटिमीटरचा. शांत असतो, जागा कमी लागते, २० ते २८ अंश पुरतात, खाणं थोडं. भरपूर खाद्य असेल तर काही घोस्ट एकत्रही राहतात, जे बहुतेक इतर जातींत अवघड आहे. पण तो भक्ष्याचा पाठलाग करत नाही, माशी त्याच्यापर्यंत यावी लागते. आणि भारतात तो बाहेरचा कीटक. जिवंत कीटक देशात आणायला २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे परवाना लागतो. कागदपत्रांशिवाय कुरियरने येणारी अंडी किंवा पिल्लं घेऊ नका.

व्हायोलिन मँटिस तर दक्षिण भारतातलाच. मग तो सोपा असेल ना?

नाही. त्याला दिवसा ३० अंशांच्या बरंच वर तापमान, कोरडी मोकळी हवा आणि मोठा पिंजरा लागतो. तो जवळजवळ फक्त उडणारं भक्ष्य खातो, त्यामुळे माश्यांचा पुरवठा एक आठवडा थांबला की हाल. एक-दोन हायरोड्यूला पूर्ण आयुष्य सांभाळल्यावर त्याच्याकडे वळा.

आणि ऑर्किड मँटिस?

एक मँटिस नुकताच गेला असताना नको. ओलसर हवा आणि खेळती हवा दोन्ही एकाच वेळी लागतात, आणि नवशिक्याचा तोल नेमका तिथेच जातो.

लहान पिल्लू घ्यावं की पंख फुटलेला मोठा?

मधलं घ्या. हा निर्णय जातीइतकाच महत्त्वाचा आहे. अंड्यातून नुकतीच आलेली पिल्लं ८ ते १० मिलिमीटरची असतात, रोज चिलटं मागतात आणि त्यातली बरीच पहिल्या दोन-तीन कातींत जातात. निसर्गातही तसंच होतं. दुःखातून सावरणाऱ्या माणसाने ते बघायची गरज नाही. दुसऱ्या टोकाला पंख फुटलेला मँटिस: त्याचं अर्धं आयुष्य संपलेलं असतं, विकणाऱ्याने सांगितलेलं वय पडताळता येत नाही आणि काही महिन्यांतच पुन्हा निरोप द्यावा लागतो.

हायरोड्यूला एकूण सात ते नऊ वेळा कात टाकतो. तीन-चार काती पूर्ण झालेलं, अडीच ते साडेतीन सेंटिमीटरचं पिल्लू सर्वांत चांगलं. ते माशी खाऊ शकतं, अंगाने कणखर झालेलं असतं आणि पुढे आठ-नऊ महिने सोबत मिळू शकते. घेताना सहा पायांची टोकं शाबूत आहेत का, डोळे स्वच्छ आहेत का, उलटं लटकताना सगळे पाय पकडतात का, ते बघा. काडी हळूच समोर हलवली की डोकं तिकडे वळलं पाहिजे. पोट गोलसर हवं. कात टाकून दोन दिवस झाले नसतील तर प्रवास करवू नका.

नर की मादी?

जास्त जगते म्हणून मादी. पोटाच्या खालच्या बाजूचे आडवे पट्टे मोजा: मादीला सहा, नराला आठ. मादीचं शेवटचं खंड मोठं असतं. अडीच-तीन सेंटिमीटरच्या पिल्लात भिंगाने किंवा मोबाइलच्या फोटोत हे मोजता येतं.

बागेतलाच पकडून आणला तर चालेल?

चालेल, पण मोठा नको. बाहेरच्या मोठ्या मँटिसच्या पोटात केसासारखा लांब कृमी असण्याची शक्यता असते. पाण्यात वाढलेल्या कीटकांमधून तो येतो, आतच वाढतो आणि शेवटी पोटातून बाहेर पडतो. काही माश्यांच्या अळ्याही मँटिसच्या अंगात वाढतात. वरून काहीच कळत नाही. पावसाळ्याच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत झुडपांवर दिसणाऱ्या लहान पिल्लांत हा धोका कमी. फवारणी झालेली शेतं, द्राक्षबागा आणि सोसायटीचे लॉन टाळा. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे परवानगीशिवाय कीटकही उचलता येत नाही.

घर कसं असावं?

उंची अंगाच्या लांबीच्या तिप्पट, रुंदी दुप्पट, हे किमान माप. ३ सेंटिमीटरच्या पिल्लाला एक-दीड लिटरची, १५ सेंटिमीटर उंचीची प्लास्टिकची बरणी पुरते. पंख फुटल्यावर २० × २० × ३० सेंटिमीटर. लहान पिल्लाला फार मोठं घर देऊ नका, त्याला भक्ष्य सापडत नाही.

बरणीचं झाकण काढा, तोंडावर मच्छरदाणीचं मऊ कापड ताणून रबर बँडने बसवा. चिलटं त्यातून निसटतात, त्यांच्यासाठी मलमल. हे कापडच छत आणि कात टाकायची जागा, म्हणून त्याखाली अंगाच्या दुप्पट अंतरात एकही काडी नको. बाजूला मध्यावर नाण्याएवढं भोक पाडून त्यात स्पंजचा तुकडा खुपसा. माश्या तिथूनच सोडा. झाकण रोज उघडलं तर तिथे लटकलेल्या मँटिसला धक्का बसतो. त्याच उंचीवर समोरासमोर दोन छोट्या जाळीच्या खिडक्या केल्या की हवा खेळते. तळाला साधा टिश्यू, आत एक तिरकी खरबरीत काडी. झालं.

धातूची जाळी वापरू नका, तिच्यात पायांची नखं अडकून टोकं तुटतात. गुळगुळीत छतही नको, कात टाकताना पकड सुटली की मँटिस पडतो.

खायला काय आणि किती?

पिल्लू दोन सेंटिमीटरचं होईपर्यंत चिलटं. स्वच्छ धुतलेल्या पिकल्या केळ्याचा अर्धा तुकडा बाटलीत कुस्करा, चिमूटभर यीस्ट घाला, तोंडात कागदाचं नरसाळं बसवून स्वयंपाकघरात ठेवा. वीस-पंचवीस चिलटं आत गेली की नरसाळं काढून मलमल बांधा. २५ अंशांच्या आसपास दोन आठवड्यांत नवी पिढी निघते. दर आठवड्याला एक नवी बाटली लावा, म्हणजे खंड पडत नाही.

त्यापुढे घरमाश्या, पतंग, लहान नाकतोडे, स्वच्छ वाढवलेले रातकिडे. पक्ष्यांच्या आणि माशांच्या खाद्याच्या दुकानात मिळणारे मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) अडीनडीला चिमट्याने देता येतात, पण तळाशी सोडले तर मँटिसला दिसत नाहीत. भक्ष्य मँटिसच्या निम्म्या लांबीपेक्षा मोठं नको. स्वयंपाकघरातली झुरळं कधीच नको, त्यांनी कुठलं औषध खाल्लंय हे कळत नाही.

मधल्या वयात दर दोन-तीन दिवसांनी, मोठ्या मादीला तीन-चार दिवसांनी. दिवस मोजण्यापेक्षा पोट बघा: चपटं झालं की द्या, फुगीर असेल तर थांबा. फार भरलेल्या पोटाने उंचावरून पडलेला मँटिस फुटूनही मरतो. न खाल्लेलं भक्ष्य रात्री आत ठेवू नका.

पाणी आणि हवेतली ओल?

वाटी नको. दिवसातून एकदा, एका भिंतीवर बारीक फवारा. मँटिस थेंब पितो. दोन-तीन तासांत भिंत सुकली पाहिजे. सकाळी फवारलेलं संध्याकाळी तसंच असेल तर हवा अपुरी आहे.

याचं प्रमाण गावावर अवलंबून. कोकणात, मुंबईत, गोव्यात जुलैमध्ये फवारा आठवड्यातून दोनदा पुरे, खरी काळजी बुरशीची. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे एप्रिल-मेमध्ये उलट: दिवसातून दोन-तीनदा फवारा आणि तापमान ३५ च्या वर जाऊ देऊ नका. बरणी जमिनीलगत, माठाच्या शेजारी, वर ओला पंचा टाकून ठेवली तर बराच फरक पडतो. पंचाने सगळी जाळी मात्र झाकू नका, आणि कूलरचा थेट झोत नको. थंडीत रात्री १८ अंशांखाली जात असेल तर बरणी आतल्या खोलीत हलवा.

डास मारायचं लिक्विड लावतो. त्याने काही होतं का?

होतं. लिक्विडमध्ये बहुतेक ट्रान्सफ्लुथ्रिनसारखं पायरेथ्रॉइड असतं, आणि ते कीटक मारण्यासाठीच बनवलेलं आहे. मँटिस डासापेक्षा मोठा असला तरी रोज रात्री तेच श्वासात गेलं तर टिकत नाही. कॉइल, वडी, स्प्रे, झुरळांची फवारणी, कुत्र्याच्या गोचिडांचं औषध लावलेला हात, सगळं त्यातच आलं. मँटिसच्या खोलीत हे पूर्ण बंद करा आणि मच्छरदाणी लावा. घरात पेस्ट कंट्रोल करणार असाल तर मँटिस किमान आठवडाभर दुसऱ्या घरी ठेवा.

पालिकेची धुराची गाडी आली तर खिडक्या बंद करून बरणी दहा-पंधरा लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्यात दोन तास ठेवा. एवढ्या हवेत त्याला काही होत नाही. नंतर खोली हवेशीर करून मगच बाहेर काढा.

डोळे काळे झालेत. आजारी आहे का?

रात्री दोन्ही डोळे सारखे काळसर झाले तर ते नैसर्गिक आहे, अंधारात बघण्यासाठी रंगद्रव्य सरकतं. दिवसा डोळ्यात एक काळा ठिपका तुमच्या मागे फिरतो, तोही फक्त भास. जागेवरून न हलणारा, दिवसाही राहणारा काळा-तपकिरी डाग मात्र जखमेचा. गुळगुळीत पारदर्शक भिंतीवर डोळा सतत घासला की तो पडतो. आतून एका बाजूला पान किंवा जाळी लावा.

कात अर्धी अडकली तर?

ओढू नका. कोमट पाण्याचा बारीक फवारा आसपास मारा आणि वाट बघा. वाकडा झालेला पाय पुढच्या दोन-तीन कातींत सुधारू शकतो, शेवटच्या कातीनंतर नाही. पुढचे दोन्ही पाय निकामी झाले तर भक्ष्य चिरून चिमट्याने तोंडाला लावावं लागतं. बरेच जण असं महिनोन्‌महिने करतात.

दोन एकत्र ठेवू का, म्हणजे एक गेला तरी दुसरा राहील?

हायरोड्यूला एकत्र ठेवले तर एक दुसऱ्याला खाणार. दोन हवेत तर दोन बरण्या, मध्ये कागद, म्हणजे एकमेकांना दिसणार नाहीत.

नर नसताना मादीने अंडी घातली. पिल्लं येतील?

हायरोड्यूलात नाही. फेसाचा कोष ती तरीही घालते, ते तिच्या तब्येतीला बरंच. मीलन झालं असेल तर एका कोषातून शंभर-दोनशे पिल्लं निघू शकतात. तयारी नसेल तर कोष फ्रीझरमध्ये ठेवून द्या, म्हणजे पिल्लं निघणार नाहीत.

आम्ही परदेशात आहोत. आमच्यासाठी काय?

ब्रिटन, जर्मनीत घरात वाढवलेले घोस्ट, हायरोड्यूला आणि आफ्रिकेतला स्फोड्रोमँटिस सहज मिळतात. घर २० अंशांखाली जात असेल तर कमी वॅटचा दिवा बाहेरून लावा. अमेरिकेत परदेशी जातींना कृषी खात्याचा परवाना लागतो, म्हणून तिथलाच कॅरोलिना किंवा तिथे केव्हाच रुळलेला चिनी मँटिस घ्या. युरोपात असाल तर हायरोड्यूला कधीही बाहेर सोडू नका. इटली, ग्रीस आणि शेजारच्या देशांत तो आधीच पसरतो आहे.

चावतो का?

हात कीटकासारखा हलवला तर पुढच्या पायांनी पकडतो, काटे टोचतात. विष नसतं. सोडवताना ओढू नका, त्याचेच पाय तुटतात. हात स्थिर ठेवला की सोडतो.

नवा आणल्यावर पहिल्या आठवड्यात काय करू?

पहिल्या दिवशी फक्त फवारा, खायला नाही. दुसऱ्या दिवशी एक माशी. खाल्ली नाही तर रात्री काढून घ्या आणि एक दिवस सोडून पुन्हा द्या. चार दिवस खाल्लं नाही, पण पोट गोल आहे आणि छताला लटकलाय, तर कात जवळ आली आहे. पोट चपटं असूनही खात नसेल तर काडीच्या टोकावर पाण्यात कालवलेल्या मधाचा थेंब तोंडाला लावा. हातावर घ्यायची घाई करू नका. शेवटची कात कोणत्या तारखेला टाकली ते बरणीवर चिकटपट्टीवर लिहून ठेवा. पुढची कधी येणार याचा अंदाज त्यावरूनच येतो, आणि त्या दिवसांत बरणी हलवायची नाही.